बसून पाहिलेला मेळघाट

त्या सकाळी हिंगोली डेक्कनच्या फलाटावर इतकी थंडी होती, की सगळी माणसं चहावाल्याच्या किटलीभोवती गोळा झाली होती. संक्रांत होऊन आठवडा झाला होता. आईच्या एका हातात काठी होती, दुसऱ्या हातात धपाट्यांचा डबा. कळमनुरीहून आदल्या रात्रीच आलेल्या मावशीच्या पिशवीत तिळाचे लाडू, शेंगदाण्याची चटणी आणि गोळ्यांची पेटी. माझ्याकडे एक निळं प्लास्टिकचं स्टूल होतं, न्हाणीघरात असतं तसलं, दीड वीत उंचीचं. पुढच्या पाच दिवसांत त्या स्टुलाइतकं कामाला दुसरं काहीच आलं नाही.

आईचं वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे झिजलेले. मावशी तिच्याहून पाच वर्षांनी लहान, पण रक्तदाबाची. दोघी जंगल बघायला निघाल्या आहेत, हे कळल्यावर गल्लीतल्या एका तरुणानं काळजीनं विचारलं होतं, "काकू, जंगलात चालावं लागतं, तंबूत झोपावं लागतं. तुम्हाला कसं जमायचं?" तो नुकताच कळसूबाई चढून आला होता आणि त्याच्या मनात जंगल म्हणजे पाठीवरची पिशवी आणि पायातले बूट असंच होतं. आई म्हणाली, "मी एकदा पाहिलंय ते जंगल. बसूनच पाहिलं होतं."

ती खरंच बसून गेली होती, रेल्वेनं.

पूर्णा–अकोला हा रेल्वेमार्ग आज ब्रॉडगेज आहे. २००८ पर्यंत तो मीटरगेज होता आणि अकोल्याला संपत नव्हता. अकोट, हिवरखेड, वान रोड, धूळघाट असं करत तो मेळघाटाच्या डोंगरांत शिरायचा आणि पलीकडे खांडव्याला उतरायचा. काचीगुड्याहून जयपूरला जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस याच मार्गानं धावायची. निझामाबाद, नांदेड, पूर्णा, हिंगोली, वाशिम, अकोला, खांडवा, इंदूर, रतलाम, अजमेर. मराठवाड्यातल्या कितीतरी माणसांनी उत्तर हिंदुस्थान पहिल्यांदा पाहिला तो या अरुंद रुळांवरून. खांडव्याच्या पुढे मोरटक्क्याला गाडी नर्मदा ओलांडायची आणि तिथून ओंकारेश्वर जवळ. घराशेजारच्या औंढा नागनाथचं दर्शन घेऊन निघालेला हिंगोलीकर, वाटेत गाडीचं रूळमाप न बदलता, दुसऱ्या ज्योतिर्लिंगाच्या दारात उतरायचा. आई लग्नानंतर सासू-सासऱ्यांबरोबर गेली होती ती याच यात्रेला.

तिला ओंकारेश्वरच्या घाटापेक्षा धूळघाट जास्त आठवतो. तिथं चढ इतका आहे, की रेल्वेनं डोंगराभोवती रुळांचं वेटोळं घातलं होतं. गाडी फिरत फिरत वर यायची आणि आपल्याच मार्गाला वरून ओलांडायची. "खिडकीतून खाली पाहिलं तर आत्ताच मागं टाकलेले रूळ दिसायचे," आई सांगते. "आणि दोन्ही बाजूंनी साग. गाडी इतकी हळू, की पानं हाताला लागतील असं वाटायचं." सासूनं खिडकीचा गज सोडू नको म्हणून बजावलं होतं. ती सासू गेली, ती गाडीही गेली. अकोला–खांडवा मीटरगेज २०१७ च्या सुरुवातीला बंद झालं. मार्ग रुंद करायचा ठरला, तेव्हा तो व्याघ्र प्रकल्पाच्या पोटातूनच न्यायचा का, यावर मोठा वाद झाला. जास्त गाड्या, जास्त वेग आणि त्यांच्या मधोमध वाघांच्या येण्याजाण्याची वाट. वन्यजीव अभ्यासकांनी आग्रह धरला, की नवा मार्ग जंगलाला वळसा घालून न्यावा. अकोटपर्यंतचं ब्रॉडगेज पूर्ण होऊन २०२२ च्या नोव्हेंबरात तिथवर गाडी सुरू झाली. त्यापुढच्या जंगलात रूळ शांत झाले.

म्हणून आईला तिचं खिडकीतलं जंगल पुन्हा दाखवायचं, तर आता रस्त्यानंच जावं लागणार होतं.

हिंगोलीहून अकोल्याला जाणारी गाडी कनेरगाव नाका, वाशिम करत जाते. जानेवारीत तुरीची काढणी चालू असते. शेताशेतांत वाळलेल्या तुरीच्या पेंढ्या उभ्या होत्या आणि मधूनमधून पानं पिवळी पडत चाललेली हळद. अकोल्याला उतरून आम्ही गाडी ठरवली आणि अकोट, पोपटखेड करत दुपारी शहानूरला पोचलो. हे गाव नरनाळा किल्ल्याच्या पायथ्याशी आहे. किल्ल्यावरच्या जंगलाला १९९७ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र अवघं बारा चौरस किलोमीटरच्या घरात, पण ते मेळघाटच्या मोठ्या जंगलाला चिकटून आहे, त्यामुळे जनावरांना इथं सीमा नाही.

महाराष्ट्रात गड म्हणजे दमछाक, हे समीकरण नरनाळ्यानं मोडलं. वनखात्याच्या फाटकावर नोंद केली की वळणावळणाच्या रस्त्यानं गाडी पार वर जाते. आई आणि मावशी शक्कर तलावाच्या काठी उतरल्या, एक स्टुलावर, दुसरी दगडावर. समोर पाणी, पाण्यात ढगाचा एक तुकडा, पलीकडच्या झाडीत वानरांची हालचाल. किल्ल्यावर असे कितीतरी तलाव आहेत. एवढ्या उंचीवर सैन्य, घोडे, हत्ती राखायचे तर पावसाचा थेंब न थेंब अडवायला हवा, हे बांधणाऱ्यांना ठाऊक होतं. महाकाली दरवाजा मी एकटीच पाहून आले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस, इमादशाहीच्या उदयाच्या काळात उभा राहिलेला हा दरवाजा म्हणजे वऱ्हाडातल्या दगडकामाचा कळस आहे: दोन्ही अंगांना झरोके, दगडी कमळं, वर कोरलेली अक्षरांची पट्टी. परत येऊन मोबाइलवर फोटो दाखवले, तेव्हा मावशीनं ते बोटांनी मोठे करून करून पाहिले आणि विचारलं, "एवढी बारीक नक्षी, अन् शत्रू तर बाहेरूनच येणार. मग ही कुणासाठी?" कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात न सापडणारा हा प्रश्न. तलावाकाठी तासभर बसल्यावरच तो सुचला असावा.

संध्याकाळी पायथ्याशी मुक्काम केला. रात्री खोलीबाहेर बसलो, तर अंधारातून एकच ठोका पुन्हा पुन्हा येत होता, लाकडावर लाकूड आपटावं तसा. तो रातव्याचा आवाज असल्याचं चौकीदारानं सांगितलं. तंबू नव्हता, शेकोटी नव्हती. दोन खुर्च्या, एक स्टूल, तीन शाली आणि वर हिंगोलीच्या गच्चीवरून आता दिसत नाहीत इतक्या चांदण्या होत्या.

दुसऱ्या दिवशीचा रस्ता अंजनगाव सुर्जीवरून परतवाड्याकडे जातो. डावीकडे सातपुड्याची निळी भिंत सतत सोबत असते. अंजनगावच्या परिसरात पानमळे आणि पानपिंपरीचे मांडव दिसतात. पानपिंपरी म्हणजे आयुर्वेदातली लेंडीपिंपळी. तिची वेल उन्हाला नाजूक, म्हणून मांडवाच्या सावलीत वाढवतात. आमच्या औषधाच्या बटव्यातली पिंपळी अशी वेलीवर लोंबताना आईनं प्रथमच पाहिली. गाव इतिहासातही नोंदलेलं आहे. १८०३ च्या १५ डिसेंबरला आर्थर वेलस्लीच्या फौजांनी भोसल्यांचा गाविलगड जिंकला, आणि पंधरा दिवसांनी, ३० डिसेंबरला, शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला तो इथं, सुर्जी अंजनगावला.

परतवाडा ही जुन्या एलिचपूरच्या छावणीची वस्ती. एलिचपूर म्हणजे आजचं अचलपूर. हैदराबाद कंटिन्जंट या निजामाच्या खर्चानं इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालणाऱ्या फौजेची एक छावणी इथं होती आणि दुसरी आपल्या हिंगोलीत. उन्हाळ्यात या छावण्यांतले साहेब लोक तापायचे. चिखलदऱ्याचं पठार १८२३ मध्ये हैदराबाद रेजिमेंटच्या कॅप्टन रॉबिन्सननं हेरलं, अशी नोंद आहे. गवळी आणि कोरकू तिथं आधीपासून राहत होतेच. साहेबानं हेरलं ते थंड हवेचं ठिकाण म्हणून. एका फौजेच्या दोन गावांपैकी एक डोंगराच्या पायथ्याशी आणि दुसरं कयाधूकाठी. परतवाड्याच्या चौकात चहा पिताना ही सोयरीक कळली, तेव्हा मावशीला ते गाव एकदम ओळखीचं वाटू लागलं.

पुढे तीसेक किलोमीटरचा घाट. आईला घाट लागतो, म्हणून आलेपाकाच्या वड्या हाताशी ठेवल्या आणि ड्रायव्हरदादांना सांगितलं, की आपल्याला घाई नाही. ते ऐकून दादाही सैलावले. प्रत्येक रुंद वळणावर थांबत, हवा बदलताना अंगावर घेत आम्ही चढलो.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे, विदर्भातलं एकमेव गिरिस्थान, आणि महाराष्ट्रात कॉफी पिकते ती इथंच. नावाची कथा महाभारतातली. विराटाच्या दरबारात द्रौपदीला छळणाऱ्या कीचकाला भीमानं मारलं आणि या दरीत फेकलं, म्हणून कीचकदरा. त्याचा चिखलदरा झाला. हात धुतले ते भीमकुंड. आईनं ही कथा कीर्तनात अनेकदा ऐकलेली. पण दरीच्या कठड्याला धरून खाली पाहताना ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "एवढं खोल असंल, असं वाटलं नव्हतं."

चिखलदऱ्याची खरी सोय ही, की इथल्या बहुतेक जागा गाडीच्या दारापासून पन्नास-शंभर पावलांवर आहेत. देवी पॉइंट, मोझरी पॉइंट, हरिकेन पॉइंट, भीमकुंड. प्रत्येक ठिकाणी कठडा, बसायला ओटा आणि समोर दरी. पंचबोल पॉइंटला समोरच्या डोंगररांगा आवाज पाच वेळा परत करतात, असं सांगतात. मावशीनं दोन्ही हात तोंडाशी नेऊन आपल्या आईचं नाव घेतलं. चाळीस वर्षांपूर्वी गेलेल्या आजीचं ते नाव दरीतून एकामागून एक परत येत राहिलं. किती वेळा, ते आमच्यापैकी कुणी मोजलं नाही.

बरेच पर्यटक एका दिवसात आठ जागा 'करतात'. आम्ही दिवसाला दोनच ठेवल्या. त्यामुळे सकाळी धुकं वर चढताना आणि दुपारी तीच दरी कोरड्या उन्हात उघडी पडताना, अशी दोन्ही रूपं पाहता आली. मधल्या वेळात मोथा गावच्या गवळ्यांकडची रबडी खाल्ली. या पठारावर म्हशी पाळणारा गवळी समाज पिढ्यान्‌पिढ्या राहतो. जुन्या काळी दूध घाट उतरून नेणं शक्य नव्हतं, म्हणून ते आटवून खवा करायचे. आज तोच खवा आणि रबडी इथली ओळख आहे. अलीकडे त्याच शेतांतून स्ट्रॉबेरीही होते, आणि जानेवारी हा तिचा ऐन हंगाम. रस्त्याकडेला टोपली घेऊन बसलेल्या बाईनं आईला एक फळ हातावर ठेवून म्हटलं, "खाऊन पाहा, आजी. मग घ्या." दोन डबे घेतले.

मेळघाट हा भारतातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, महाराष्ट्रातला पहिला. स्थापना २२ फेब्रुवारी १९७४. त्याच्या गाभ्यातल्या सुमारे ३६१ चौरस किलोमीटर जंगलाला १९८७ मध्ये गुगामल राष्ट्रीय उद्यान घोषित करण्यात आलं. भोवतालच्या संरक्षित पट्ट्यासह आजचा प्रकल्प सुमारे २,७६८ चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे आपल्या अख्ख्या हिंगोली जिल्ह्याच्या निम्म्याहून मोठा. नाव अगदी नेमकं आहे: घाटांचा मेळ. खंडू, खापरा, सिपना, गाडगा आणि डोलार या पाच नद्या इथून निघून तापीला मिळतात. सगळ्या मुलखात पानझडीचं जंगल; साग सर्वांत जास्त, सोबत ऐन, धावडा, मोह, तेंदू, सालई, बांबू.

इथं वाघ दिसणं ताडोबासारखं सोपं नाही. तिथं सपाट जमीन, मोठे तलाव, हरणांचे कळप. इथं डोंगर, दाट झाडी आणि विरळ सावज. त्यामुळे फक्त वाघासाठी आलेला माणूस मेळघाटातून बहुधा रिकाम्या हातानं परततो. चिखलदऱ्याहून वैराटकडे जाणारी सफारी घेतली, तेव्हा आमच्या वाटाड्यानं हे सुरुवातीलाच सांगितलं. पंचविशीतला कोरकू तरुण. त्यानं आधी निळं स्टूल जिप्सीच्या पायरीखाली ठेवलं, आईचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि तिला चालकाशेजारच्या आसनावर बसवलं. मागच्या उंच बाकांवर धक्के जास्त बसतात, हे त्याला सांगावं लागलं नाही.

उघड्या गाडीत जानेवारीची पहाट हाडांत शिरते. दोन घोंगड्या, कानटोपी, कमरेचा पट्टा. गाडी ताशी वीसच्या वर जात नाही आणि दर दहा मिनिटांनी थांबते. चालक इंजिन बंद करतो. खरी सफारी त्या क्षणी सुरू होते. आधी आपल्याच श्वासाचा आवाज, मग पानांवरून गळणारं दव, मग दूर कुठेतरी वानराची खाकरल्यासारखी हाक. वाटाड्या हात वर करतो. सगळे थिजतात. हाक थांबते, आणि पाच मिनिटांनी गाडी पुन्हा सुरू होते.

"काय होतं?" मावशीनं कुजबुजत विचारलं.

"कुला," तो म्हणाला. "आमच्या बोलीत वाघाला कुला म्हणतात, आजी. असंल, नसंल. वानराला दिसला असंल."

कोरकू ही मुंडा कुळातली भाषा आहे. तिची जवळची नाती झारखंडातल्या संथाली, मुंडारी या भाषांशी. या कुळातली सर्वांत पश्चिमेची भाषा हीच. मराठीशी तिचा जन्माचा संबंध नाही, तरी या डोंगराची बरीच नावं तिनं दिली आहेत. सिपना नदीचं नाव त्यातलंच, सिपना म्हणजे साग. ऐनाच्या खोडाची मगरीच्या पाठीसारखी साल, अस्वलानं उकरलेलं वारूळ, धुळीत उमटलेला बिबट्याचा पंजा, हे सगळं त्यानं गाडीतूनच दाखवलं. सांबराची मादी आणि पिल्लू वीस पावलांवर उभं राहून आमच्याकडे बघत होतं. आई इतकी स्थिर बसली होती, की त्यांना ती गाडीचाच भाग वाटली असावी. झिजलेल्या गुडघ्यांनी तिला बरीच वर्षं एका जागी बसायला शिकवलं आहे. त्या पहाटे गाडीत सर्वांत जास्त तिलाच दिसलं.

वैराट ही मेळघाटातली सर्वांत उंच जागा, १,१७८ मीटर. पूर्वी तिथं गाव होतं. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातली अनेक गावं गेल्या पाव शतकात बाहेर वसवली गेली, बोरी, कोहा, कुंड ही पहिली. वैराटही त्याच यादीतलं. शेतांच्या जागी आता गवत आहे, आणि त्या गवतात आम्हाला गव्यांचा कळप दिसला. काळेभोर, गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. त्यांच्या मागे चिंच आणि आंब्याची जुनी झाडं उभी होती.

"इथं घर होतं," आई म्हणाली. चिंच कुणी अशी माळावर लावत नाही, ती अंगणाजवळच असते.

मावशी त्यानंतर बराच वेळ गप्प होती. कळमनुरी तालुक्यात तिचं आयुष्य गेलं. इसापूर धरणाच्या पाण्याखाली गावं गेलेली माणसं तिच्या शेजारात आहेत. काहींना चांगली जमीन मिळाली, काहींची परवड झाली. मेळघाटातही तसंच झालं. अकोटच्या बाजूला पुनर्वसन झालेली काही कुटुंबं गैरसोयींना कंटाळून जंगलात परत निघाली होती आणि त्यावरून संघर्ष झाला होता. मेळघाटचं नाव एरवी वर्तमानपत्रांत येतं ते बालकांच्या कुपोषणामुळे, आणि ते दुःख अजून सरलेलं नाही. आपण ज्या कुरणाचे फोटो काढतो, ते कुणाच्या तरी शेतातून उगवलं आहे. म्हणून वाटाड्या गावातलाच असावा, जेवण गावातल्या बायकांच्या हातचं असावं, मुक्कामाचा पैसा शक्य तितका तिथंच राहावा, याकडे पर्यटकानं लक्ष दिलंच पाहिजे. फारसं न चालणारा, निवांत राहणारा पर्यटक यात जास्त उपयोगी पडतो. तो अधिक दिवस थांबतो, अधिक वेळा जेवतो, अधिक गप्पा मारतो.

चौथ्या दिवशी डोंगर उतरून सेमाडोहला आलो. इथल्या निसर्ग माहिती केंद्रात मेळघाटातले प्राणी, पक्षी, कोरकूंची घरं, शेतीची अवजारं यांची ओळख करून दिली आहे. सफारीत जे ओझरतं दिसलं ते इथं सावकाश समजून घेता येतं. रानपिंगळ्याची गोष्टही इथल्या जंगलाशी जोडलेली आहे. ॲलन ह्यूमनं १८७३ मध्ये शास्त्राला ओळख करून दिलेलं हे छोटं घुबड १८८४ नंतर कुणाला सापडलंच नाही. शंभरेक वर्षांनी ते नामशेष झालं असं जवळजवळ सगळ्यांनी मानलं, आणि १९९७ च्या नोव्हेंबरात पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते शहाद्याजवळ दिसलं. त्यानंतर शोध घेतला तेव्हा मेळघाटच्या सागवनांतही ते होतं. दिवसा वावरणारं घुबड, म्हणजे त्यासाठी रात्रभर जागायचीही गरज नाही. आम्हाला ते दिसलं नाही. मावशीनं मात्र त्या दिवसापासून प्रत्येक वठलेल्या सागाच्या ढोलीकडे पाहायचा नेम धरला.

तिथून पुढे कोलकास. सिपनेच्या उंच काठावर वनखात्याचं विश्रामगृह, खाली नदीचं मोठं वळण. इथं दोन दिवस राहून काहीही न करण्याइतकं सुख दुसरं नसेल. आम्हाला एकच रात्र मिळाली, पण ती पुरली. दुपारी तीन ते सहा आम्ही तिघी एकाच जागी बसलो. आधी एक खंड्या आला. मग नदीच्या पलीकडच्या वाळूत चितळांचा कळप उतरला, पाणी प्याला, परत गेला. वनखात्याचे हत्ती पाण्यात आडवे झाले आणि माहुतानं दगडानं त्यांची पाठ घासली. हत्तीवरून फेरफटका मारण्यासाठी कोलकास प्रसिद्ध आहे. आईनं तो नाकारला, मला इथूनच जास्त दिसतंय म्हणाली.

साडेचारच्या सुमारास अर्जुनाच्या शेंड्यावर एक पिवळाजर्द पक्षी येऊन बसला, पंखांवर काळी कड, डोळ्यात काजळ घातल्यासारखा.

"हळद्या," मी सांगितलं. "त्याचं नावच हळद्या."

आयुष्यभर हळद लावली, काढली, शिजवली, वाळवली, हिंगोलीच्या बाजारात विकली, त्या दोघी बहिणी त्या पक्ष्याकडे पाहत राहिल्या. "ओल्या हळकुंडाचा रंग," मावशी म्हणाली. "वाळल्यावरचा नाही. मोडल्यावर आत दिसतो तो." हळद्या दक्षिण भारतात मुख्यतः हिवाळी पाहुणा. तो आमच्याही शेताच्या बांधावर येत असणार. पण तिथं वर पाहायला सवड कधी होती?

कुणाला अशा सहलीला जायचं असेल, तर चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. गाभ्यातलं जंगल पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, बंद असतं. चिखलदरा तेव्हाही उघडा असतो आणि धबधब्यांसाठी तीच वेळ खरी. थंडीत गेलात तर हवा स्वच्छ, फळं ताजी, पण पहाटेचा गारठा कडक. उन्हाळ्यात पानं गळून जंगल उघडं होतं आणि जनावरं पाणवठ्याला येतात. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखातं निसर्गप्रेमींना मचाणावर बसून पाणवठा पाहण्याची संधी देतं; त्यात चालणं जवळजवळ नसतं, शिडी तेवढी चढता आली पाहिजे आणि रात्रभर गप्प बसता आलं पाहिजे. विश्रामगृह आणि सफारी आधी आरक्षित करावी, आणि आरक्षण करतानाच तळमजल्याची खोली व कमोड आहे का, हे विचारावं. जंगलात मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून औषधं दोन दिवस जास्तीची घ्यावी. दिवसाला एकच सफारी. दुसरा अर्धा दिवस आरामाचा. आणि एक स्टूल.

परतीच्या गाडीत अकोल्याला आईनं खिडकी मागून घेतली. वाशिम येईपर्यंत ती जागी होती. "धूळघाट राहिलाच," ती एकदा म्हणाली, तक्रारीच्या सुरात नाही. मग स्वतःच पुढे बोलली, "असू दे. तिथं आता जनावरं निवांत फिरत असतील." हिंगोलीला उतरलो तेव्हा अंधार पडला होता.

पुढच्याच रविवारी मावशीचा फोन आला. इसापूरच्या जलाशयावर हिवाळ्यात पाखरं उतरतात हे तिला चाळीस वर्षं ठाऊक होतं. पैनगंगेवरचं हे पाणी हिंगोली आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या सीमेवर पसरलं आहे आणि आता त्याला पक्षी अभयारण्याचा दर्जा आहे. घरापासून इतकं जवळ, पण ती तिथं पाखरं बघायला म्हणून कधीच गेली नव्हती. "येताना ते स्टूल आण," ती म्हणाली. "आणि अक्कालाही आण."

आम्ही गेलो. गाडी पाण्यापासून थोड्या अंतरावर थांबली. आई स्टुलावर बसली, मावशीनं गाडीतली सतरंजी अंथरली. काठच्या चिखलात लाल पायांचे शेकाटे चालत होते, दूर पाण्यात नारिंगी चक्रवाकांची एक जोडी, एका वाळलेल्या खोडावर पंख पसरून वाळवत बसलेला पाणकावळा. मावशीनं पलीकडच्या काठाकडे बोट करून पाण्याखाली गेलेल्या एका गावाचं नाव सांगितलं, तिथल्या एका मैत्रिणीचं लग्न सांगितलं, त्या लग्नातल्या जेवणाची हकिकत सांगितली. आई ऐकत होती आणि तिची नजर पाण्यावर होती. धपाट्यांचा डबा उघडला तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं.